दऱ्यांचा दर्या

शंभर वर्षांपूर्वी शिशाचे खिळे जुळवून छापलेलं मराठी पुस्तक आज वाचायला फारसं काही लागत नाही. पानं पिवळी पडलेली असतात, कोपरे कसरीने खाल्लेले असतात, पण ‘क’ हा ‘क’च असतो. मोबाइलवर फोटो काढून ओसीआरला दिला तरी बऱ्यापैकी मजकूर हातात येतो. १९९६ साली कॉम्प्युटरवर टाइप केलेल्या पुस्तकाची मूळ फाइल मात्र आज उघडली, तर बऱ्याचदा तिच्यात एकही मराठी अक्षर दिसत नाही. दिसतात ती टोपीवाली ‘ए’, शेपटीवाली ‘सी’, पौंडाची खूण, उलटं प्रश्नचिन्ह. दोनशे पानं, सगळी अशीच.

त्यामुळे मराठी छपाईच्या दोनेकशे वर्षांतली सगळ्यात धोक्यात असलेली पुस्तकं कोणती, असं कुणी विचारलं, तर मी शिळाप्रेसच्या काळातली सांगत नाही. साधारण १९९० ते २०१० मधली सांगते. म्हणजे माझ्या वयाच्या लोकांच्या जन्माच्या आणि शाळेच्या काळातली. जी कॉम्प्युटरवरच जन्मली, ती.

‘छापील पुस्तकांचं डिजिटल युगात काय होणार’ हा विषय निघाला की आपल्याकडे गप्पा नव्या पुस्तकाच्या वासापाशी जाऊन थांबतात. एक बाजू कागदाच्या स्पर्शाबद्दल बोलते, दुसरी किंडलच्या वजनाबद्दल. मला या भांडणात कधी रस नव्हता. दोन वर्षांपूर्वी एका छोट्या प्रकाशनसंस्थेसाठी सुट्टीच्या दिवशी काम करायला लागले तेव्हा लक्षात आलं, की कागद की स्क्रीन हा प्रश्नच नाही. पुस्तक इकडून तिकडे नेणार कोण, हा आहे.

संस्था पुण्यातली, पेठेतल्या दोन खोल्यांत चालणारी. चालवणारे काका सत्तरीकडे झुकलेले. १९८८ पासून त्यांनी १४३ पुस्तकं काढली. त्यांतली तीस आज विकत मिळतात. उरलेल्या ११३ पुस्तकांची एकेक ‘ऑफिस प्रत’ कपाटात आहे, पहिल्या पानावर जांभळा शिक्का मारलेली. फोनवर काका म्हणाले होते, “अगं, फायली सगळ्या आहेत. तुमच्याकडे काहीतरी सॉफ्टवेअर असेल ना, त्यातून काढायच्या फक्त.”

फायली होत्या, हे खरं. चपलांच्या खोक्यात फ्लॉप्या आणि सीडी होत्या. फ्लॉप्या निम्म्याच्या वर वाचल्याच गेल्या नाहीत, सीडींनी बरी साथ दिली. आत पेजमेकरच्या फायली निघाल्या. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ साली आली आणि तिथेच ते सॉफ्टवेअर थांबलं. मी लॅपटॉपवर जुन्या विंडोजचं व्हर्च्युअल मशीन उभं केलं, फायली उघडल्या, मजकूर बाहेर काढला. समोर टोपीवाल्या ‘ए’ची रांग.

हे असं का होतं ते थोडं समजून घ्यायला हवं, कारण त्यात कुणाचा मूर्खपणा नव्हता, उलट हुशारी होती. त्या काळच्या कॉम्प्युटरला एका फॉण्टमध्ये जास्तीत जास्त २५६ घरं ठाऊक होती आणि ती इंग्रजी व युरोपीय भाषांसाठी आखलेली होती. आपल्या लोकांनी घरं तीच ठेवली आणि भाडेकरू बदलले. टोपीवाल्या ‘ए’च्या घरात देवनागरीचा एखादा तुकडा आणून बसवला. कॉम्प्युटरच्या लेखी तिथे अजून ‘ए’च राहते, चित्र तेवढं मराठी उमटतं. सी-डॅकचं आयएसएम, श्री-लिपी, आकृती अशा पॅकेजांवर त्या काळातली मराठी छपाई उभी राहिली. खिळे जुळवण्यात जाणारे आठवडे वाचले, एकट्यादुकट्या माणसाला प्रकाशक होता आलं. पण प्रत्येकाने भाडेकरू आपापल्या मनाने बसवले होते. फॉण्ट हाताशी नसला की पुस्तक मुकं.

शिवाय २५६ घरांत मराठीची सगळी जोडाक्षरं मावत नाहीत. म्हणून अक्षरांचेही तुकडे केले गेले. काही फॉण्टांत ‘म’ असा नसतोच, अर्धा ‘म’ आणि एक उभा दंड असतो. तोच दंड काना म्हणूनही वापरलेला असतो. म्हणजे ‘मामा’ या शब्दात चार दंड. त्यांतला पहिला आणि तिसरा अक्षराचा, दुसरा आणि चौथा कान्याचा, हे प्रोग्रॅमला शिकवावं लागतं. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते, म्हणून त्या फायलींत ती आधीच टाइप केलेली असते. युनिकोडला मात्र ती अक्षरानंतर हवी असते, कारण आपण ‘कि’ म्हणताना आधी ‘क’ म्हणतो. रफाराचं बरोबर उलटं: ‘सूर्य’मध्ये तो ‘य’च्या डोक्यावर दिसतो पण उच्चारात आधी येतो. जुन्या फायलींत अक्षरं दिसतात तशी मांडलेली आहेत, युनिकोडमध्ये ऐकू येतात तशी. कन्व्हर्टरचं काम या दोन मांडण्यांमध्ये ये-जा करण्याचं.

या सगळ्यावरचा उपाय तेव्हा जगात नव्हता असंही नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तिच्यात देवनागरी होती. पण साध्या माणसाच्या विंडोजवर ती पोचली विंडोज २००० पासून. त्यासोबत आलेला ‘मंगल’ फॉण्ट र. कृ. जोशी यांनी घडवला होता, जे सुलेखनकार होते आणि कवीही. पुस्तकं जिथे लागतात त्या सॉफ्टवेअरची गोष्ट आणखी लांबली. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची सोय २०१२ च्या सीएस६ आवृत्तीत आली. म्हणजे उपाय जन्मल्यापासून डीटीपीच्या टेबलापर्यंत यायला वीसेक वर्षं गेली. काकांचं चपलांचं खोकं म्हणजे ती वीस वर्षं.

पहिलं पुस्तक आम्ही घेतलं ते एका निवृत्त तलाठ्याच्या आठवणींचं, १९९७ सालचं. भोर-वेल्ह्याकडची गावं, मोजणी, पावसाळ्यातले मुक्काम, भाताची खाचरं. तयार मिळणाऱ्या एका कन्व्हर्टरमधून मजकूर काढला आणि पहिल्याच प्रकरणात तलाठी सह्याद्रीच्या ‘दर्यांत’ उतरले.

मराठी वाचणाऱ्याला ही गंमत लगेच कळेल. दऱ्या म्हणजे खोल खोरी, दर्या म्हणजे समुद्र. ‘ऱ्य’मधला तो भुवईसारखा ‘र’ हिंदीला लागत नाही, म्हणून हिंदी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या नियमांनी त्याचा सरळ रफार केला. ‘शेतकऱ्यांना’चं ‘शेतकर्यांना’ झालं तर प्रोग्रॅमला पकडता येतं, कारण तसा शब्दच नाही. पण ‘दर्या’ हा शब्द आहे. ‘आचाऱ्यांना’ बोलावलं, म्हणजे लग्नात स्वयंपाक करणाऱ्यांना, त्यांच्या जागी ‘आचार्यांना’ बोलावलं तर दोन्ही शब्द शुद्ध. शब्दयादी दोघांनाही आत सोडते.

त्यानंतर मी स्वतःचे नियम लिहिले. या कामात एक दिलासा आहे. ओसीआरच्या चुका विखुरलेल्या असतात. इथे ‘घ’चा ‘ध’, तिथे ‘थ’चा ‘य’, शाई जशी पसरली असेल तशा. कन्व्हर्टरच्या चुका मात्र नियमाने होतात. एक कारण सापडलं की पाचशे जागा एका झटक्यात दुरुस्त होतात. इंजिनिअरला यासारखं सुख नाही. दोन-तीन महिन्यांत माझा कन्व्हर्टर इतका सुधारला की मला वाटलं, आता पुस्तकामागे एक संध्याकाळ पुरेल.

मग काकांनी तलाठ्यांच्या पुस्तकाची ऑफिस प्रत टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “ताडून बघितलंस का? फाइल म्हणजे पुस्तक नव्हे.”

तेव्हा कळलेली गोष्ट माझ्या पिढीतल्या कुणाला माहीत असेल असं वाटत नाही. त्या काळी पानांचं लेझर प्रिंट अर्धपारदर्शक कागदावर, ट्रेसिंगवर काढत आणि त्यावरून पुढे प्लेट होई. शेवटच्या क्षणी चूक सापडली, तर सगळं पान पुन्हा काढायचा खर्च नको म्हणून तेवढा शब्द वेगळा छापून, ब्लेडने कापून ट्रेसिंगवर चिकटवत. पुस्तकात दुरुस्ती व्हायची, फाइलमध्ये नाही. कधी अख्खा परिच्छेद असा बदललेला असे. म्हणजे आम्ही जिला ‘मूळ’ समजत होतो ती फाइल पुस्तकाच्या एक पाऊल मागेच थांबलेली होती. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं, तर शेवटचे बदल कुणी कमिटच केले नव्हते. ते डिंकाने चिकटवले होते.

याचा अर्थ एकच. प्रत्येक पान छापील प्रतीशी ताडून, अक्षर न् अक्षर वाचायचं.

ते काम करणाऱ्या बाई काकांकडे तीस वर्षं मुद्रितं तपासत होत्या. शाळेत मराठी शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणतात. वय ७१. त्यांची पद्धत जुनी: एकाने छापील प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने समोरच्या मजकुरावर नजर ठेवायची. वाचायचं म्हणजे सगळंच वाचायचं. “पहाटे स्वल्पविराम पाऊस थांबल्यावर स्वल्पविराम आम्ही निघालो पूर्णविराम. नवा परिच्छेद. अवतरण सुरू.” पहिल्या दिवशी मला हसू येत होतं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की माझी नजर शब्द ओळखून पुढे पळते आणि बाईंची नजर अक्षरावर थांबते. मी अर्थ वाचत होते. त्या मजकूर वाचत होत्या.

एका पानावर प्रोग्रॅमने ‘तरवा’ या शब्दाखाली लाल रेघ मारली आणि ‘तवा’ सुचवला. मीही तोच स्वीकारायच्या बेतात होते, कारण वाक्यात बायका होत्या. बाईंनी हात वर केला. तरवा म्हणजे भाताची रोपं. त्या बायका तवा घेऊन नाही, तरवा उपटायला निघाल्या होत्या. बाईंचं आजोळ मावळातलं, म्हणून त्यांना माहीत. माझ्या शब्दयादीत तो शब्द नव्हता, कारण ती यादी इंटरनेटवरच्या मराठीवरून बनलेली होती आणि इंटरनेटवर भात लावणारी माणसं फार लिहीत नाहीत. ज्या पुस्तकांत असे शब्द आहेत, तीच युनिकोडच्या बाहेर राहिली आहेत. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आज शिकागो विद्यापीठाच्या साइटवर मोबाइलवरून शोधता येतो. १९९७ चे तलाठी येत नव्हते.

शोधण्यावरून आणखी एक. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं २००८ साली. त्याआधी कुणी ‘ए’वर चंद्र देऊन काम भागवलं, कुणी ‘अ’नंतर चंद्र वेगळा जोडला. दिसायला फरक थोडाच, कॉम्प्युटरला तीन वेगळे शब्द. ‘ॲसिड’ शोधलंत आणि पुस्तकात सापडलं नाही, तर ते पुस्तकात नाही असा अर्थ होत नाही. हेही आम्ही एकसारखं करून घेतो.

मजकूर तयार झाला तरी पुस्तक आपलं होत नाही. तलाठी २००३ साली वारले. काकांकडे करार म्हणून एक पानी पत्र होतं: ११०० प्रती, मानधन इतकं, खाली दोघांच्या सह्या. मुदत लिहिलेली नव्हती. भारतीय कॉपीराइट कायदा सांगतो की हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची. म्हणजे काकांचा हक्क कधीच संपला होता. ई-बुकचा तर पत्रात उल्लेख असणं शक्यच नव्हतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात असंही आहे, की करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचे हक्क स्पष्ट लिहून दिले नसतील तर दिले असं मानता येत नाही. ही दुरुस्ती जुन्या करारांना कितपत लागू होते यावर वकील वाद घालतील. काकांना वाद घालायचाच नव्हता. ते म्हणाले, वारसांना विचारल्याशिवाय एक पान बाहेर जाणार नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. वारस सापडले नाहीत तर हे पुस्तक २०६४ सालापर्यंत कपाटात.

पत्रावर सहा आकडी फोन नंबर होता. त्यावरून तलाठ्यांच्या मुलीपर्यंत पोचायला काकांना चार महिने लागले. त्या नाशिकला असतात. परवानगी त्यांनी पहिल्याच फोनवर दिली. मग जरा थांबून विचारलं, “आता त्यात शोधता येतं म्हणता ना? मग आईचं नाव कुठे कुठे आलंय ते सांगाल का?”

मी शोधलं. शून्य. अडीचशे पानांत बायकोचं नाव एकदाही नाही. नियमांत काही राहिलं असेल म्हणून मी ऱ्हस्व-दीर्घ बदलून पाहिलं, नावाचा अर्धा भाग टाकून पाहिला. शून्यच. ते त्यांच्या मुलीला कसं सांगावं याचा विचार करत होते, तेवढ्यात बाई म्हणाल्या, “नावाने कसं सापडेल? त्या पिढीतले पुरुष बायकोचं नाव घ्यायचे का? ‘मंडळी’ शोध.”

‘मंडळी’ ५८ वेळा सापडलं. त्यांतली काही गावकरी मंडळी, काही पाहुणे मंडळी. बाईंनी एकेक वाक्य वाचून बाजूला काढलं. उरली ४१. बदलीच्या गावी सामान लावणारी मंडळी, पुरात अडकलेल्या मोजणीदारांना पिठलं-भाकरी करून घालणारी मंडळी, तापात रात्रभर उशाशी बसलेली मंडळी. ती ४१ वाक्यं आम्ही पानांच्या आकड्यांसह नाशिकला पाठवली. उत्तर दोन दिवसांनी आलं: ई-बुक आलं की कळवा, आणि कागदावरच्या दहा प्रती मला हव्यात.

त्या दहा प्रती छापता आल्या, हाही डिजिटलचाच फायदा. पूर्वी हजार प्रतींच्या खाली छपाई परवडत नसे, मग गोदामात गठ्ठे पडून राहत आणि प्रकाशक पुढचं पुस्तक काढायला कचरत. आता मजकूर शुद्ध असेल तर पंचवीस-पन्नास प्रती मागणीनुसार काढता येतात. तोच मजकूर ई-बुकला चालतो. तोच अंध वाचकाच्या मोबाइलमधला आवाज वाचून दाखवू शकतो, जे स्कॅन केलेल्या पानांच्या चित्राला किंवा जुन्या फॉण्टला जमत नाही. फाइलमध्ये ‘भाषा मराठी’ एवढं नोंदवलं, तर काही फॉण्टांत दडलेले मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ही वर येतात, आणि पान परकं वाटत नाही. अमेझॉनने मराठी ई-बुकं किंडलवर घ्यायला सुरुवात केली २०१६ च्या डिसेंबरात, स्टोरीटेल २०१७ साली भारतात आलं आणि मराठी पुस्तकं कानांनी ऐकायची सवय अनेकांना लागली. दुकानं उघडली आहेत. त्यांत ठेवायला माल खोक्यात आहे.

पैशांचं विचाराल तर ई-बुकांतून काकांचा चहाचा खर्च निघतो. त्यामुळे आधी कोणतं पुस्तक घ्यायचं याला महत्त्व आलं. मी जुन्या विक्रीच्या वह्यांवरून एक यादी केली होती: जास्त खपलेलं वर, कमी खपलेलं खाली. बाईंनी ती उलटी केली. जे खूप खपलं ते कुणाच्या तरी घरी, कुठल्या तरी वाचनालयात असणार. जे तीनशेच खपलं आणि बाकी रद्दीत गेलं, त्याची कदाचित आमच्या कपाटात आहे तीच शेवटची प्रत. काकांनी कपाळाला हात लावला, पण यादी तशीच भिंतीवर चिकटवली. तलाठ्यांचं पुस्तक त्या यादीत पाचवं होतं.

आतापर्यंत अकरा पुस्तकं झाली. १०२ उरली. आता एका पुस्तकाला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणजे सगळ्यांना जवळपास सहा वर्षं. हा हिशेब मी बाईंपुढे कधी मांडला नाही. एका रविवारी त्याच म्हणाल्या, “मोठ्याने वाचू शकतील अशी दोन मुलं बघ. मला नुसतं ऐकायचं काम दे, आणि त्यांना माझं.”

सध्या कॉलेजात जाणारी दोघं येतात. एक मायक्रोबायोलॉजीची, एक कॉमर्सचा. पहिल्या रविवारी बाईंनी फळ्यावर ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ लिहून दोन्ही शब्द त्यांच्याकडून दहा दहा वेळा म्हणून घेतले. आता बारावं पुस्तक सुरू आहे, विहिरी खणणाऱ्या एका माणसाचं. गेल्या रविवारी मुलगा वाचता वाचता एका शब्दाला अडला आणि त्याने अर्थ विचारला. बाईंनी डोळे न उघडताच सांगितलं, “शब्दाखाली रेघ मार. आधी पान संपव, मग सांगते.”